चामड्याच्या मंडळाची हिराउस्ताद

मागच्या महिन्यात पुण्याहून एक मुलगी माझ्याकडे आली होती. बायकांवर प्रेम करणाऱ्या बायकांचे जुने गट कुठे कुठे होते, त्यांचा इतिहास ती गोळा करत होती. भिवंडीत, दोन हजार सालानंतर, लूमच्या एका गाळ्यात चामडं शिवणाऱ्या अशा बायकांचं मंडळ होतं, हे तिला कुणीतरी सांगितलेलं. तिनं रेकॉर्डर टेबलावर ठेवला आणि मी दोन तास बोलत सुटले. हसवलं तिला, रडवलंही थोडं. शेवटी तिनं विचारलं, "मग ग्रुप संपला कसा?" मी म्हटलं, "असंच गं. कुणाची लग्नं झाली, कुणाच्या बदल्या. पांगलो." तिनं ते उतरवून घेतलं.

ती गेल्यावर कप विसळत मी मोरीपाशी बराच वेळ उभी राहिले. आता हे खोटं इतिहास म्हणून छापून येणार. मी हल्ली एकटी राहते आणि उघडपणे बोलते, म्हणून लोक मला धीट समजतात. त्यांचा गैरसमज आणखी वाढायच्या आत हिराउस्तादबद्दल नीट सांगायला हवं.

उस्ताद हे काही तिचं नाव नव्हे. पण भिवंडीत ज्याच्या हातात काम आहे तो उस्ताद, मग बाई असो की बुवा. लूमवर सूत इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्याला टोला हाणणारा पिकर आणि त्याला ओढणारी पट्टी, दोन्ही पूर्वी चामड्याचे असत. ते करण्यात हिराचा बाप वाकबगार होता आणि बापानंतर हिरा. भिवंडीतल्या टेमघरला आमच्या घरामागे आजोबांच्या वेळचा एक रिकामा गाळा होता, तो बाबांनी तिला दिला. आम्ही जमीनवाले आगरी, आणि भिवंडीत गाळा रिकामा ठेवणं हे आमच्यात पाप समजतात.

उंच, काटकुळी, चाळिशीची बाई. साडीवर पुरुषी फुल शर्ट. शेतात, बांधकामावर बायका घालतातच तसा, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटत नसे. डाव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं. कातडं आलं की आधी नाकाला लावायची, मग गालाला. "म्हस तापट व्हती ही," म्हणायची, "बग, मानंला कशी जाड हाय." बोलताना ती माणसाच्या तोंडाकडे बघायची नाही, मनगटाकडे, कमरेकडे बघायची आणि माप न घेता पट्टा कापायची. तो अर्धं बोट चुकला असं मी कधी पाहिलं नाही. आणि तिचं एक ठरलेलं वाक्य होतं: "चामडं मेल्यावर शहानं हुतं. मानसानं जित्तेपनी व्हावं."

आमच्या घरी तिला चहा मिळे, पण कप वेगळा. कान तुटलेला, मागच्या दाराच्या खुंटीला टांगलेला. ती स्वतः तो काढी, आई वरून ओती, ती स्वतः विसळून परत टांगी. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर असलेली, दहावी पास झालेली ती बाई हे तिच्या गाळ्यापासून वीस पावलांवर रोज करत होती आणि मी बी.ए., डी.एड. होऊन ते बघत होते. मला त्यात काही खुपत नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते.

मी चोवीस वर्षांची होते, एका प्राथमिक शाळेत शिकवत होते. बॅगेचा बंद तुटला म्हणून गाळ्यात गेले. ती शिवत होती, मी बडबडत होते. बंद लावून झाल्यावर तिनं दोरा तोडला आणि विचारलं, "ही मंगल कोन?"

"कोण मंगल?"

"दहा मिन्टांत चारदा नाव घेतलंस."

मंगल जवळच्या खारबावची, दवाखान्यातली नर्स. आमच्या शाळेत मुलांना लस टोचायला यायची. मला वाटत होतं की माझं तिच्याबद्दलचं काहीही कुणालाही दिसत नाही. माझे कान तापले. हिरा बॅग माझ्या हातात देत म्हणाली, "शनवारी दुपारी ये. तिला पन आन. हितं कोन काय इचारत न्हाय."

बाहेर पाटी होती: महिला चर्मकला वर्ग. ती पाटी म्हणजे हिराचं डोकं. शिवणक्लास काढला असता तर गल्लीतल्या सगळ्या सासवा डोकावल्या असत्या. चामड्याच्या क्लासला कोण आपली सून पाठवतंय? वर्गाचं उद्घाटन करायला एक पुढारी आले होते म्हणे. नाकाला रुमाल लावून नारळ फोडला आणि पाच मिनिटांत गाडीत जाऊन बसले. "वास हाच आपला वॉचमन," हिरा म्हणायची. पर्स, पाकिटं, पट्टे आम्ही खरोखर शिकलो. चामडं कापायची रापी धरायला शिकताना माझी तीन बोटं कापली. पण आठ-नऊ जणी तिथं जमायच्या त्या एकमेकींसाठी. कुणी शिक्षिका, कुणी घरी बसून लूमसाठी सुताच्या कांड्या भरणारी, कुणी भाजी विकणारी. दोघीजणी जोडीनं यायच्या आणि दोन तास एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून नुसत्या बसायच्या. तेवढीच त्यांची आठवड्याची चैन.

शुक्रवारी भिवंडीचे लूम बंद असतात, म्हणून आम्ही शुक्रवारी कधीच जमलो नाही. शनिवारी दोन्ही बाजूंचे लूम धडधडत असायचे आणि त्या आवाजात काहीही बोललं तरी भिंतीपलीकडे जात नसे. घात करायची ती वीज. एकदा नसीम, ती कांड्या भरणारी, हिराची... काय म्हणू, आमच्याकडे तेव्हा शब्द नव्हते, हिराचीच. ती कातड्याच्या ढिगापलीकडून ओरडून हिराला म्हणाली, "उस्ताद, तुम मेरी जान हो!" आणि नेमका "जान" शब्दावर करंट गेला. सगळी गल्ली चिडीचूप. भिंतीपलीकडून एका कारागिराचा आवाज आला, "किसको बोला?" हिरानं हातातलं कातडं आपटलं आणि ओरडली, "भैंस को बोला, भैंस को!" पलीकडे हशा झाला. करंट येईपर्यंत आम्ही तोंडात पदर कोंबून बसलो होतो.

आमच्यातली एक सायबर कॅफेत कामाला होती. तिनं एकदा काही फोटो छापून आणले. परदेशातल्या बायका, आमच्यासारख्याच, पण काळ्या चामड्याची जॅकेटं घातलेल्या, मोठाले पट्टे, मोटरसायकली. त्यांचे म्हणे क्लब होते, आणि चामडं हीच त्यांची ओळख. आम्ही आ वासून बघत होतो. हिरानं फोटो उजेडात नेला, डोळे बारीक करून खांद्यापाशी बघितलं आणि म्हणाली, "शिलाई कच्ची हाय." मग फोटो परत देताना: "ह्यांना चामडं घालायची हौस, आपल्याला शिवायची खोड. म्हंजी एकाच जातीच्या निघालो की."

जात हा शब्द तिनं हसत वापरला. आम्हीही हसलो. कोण किती मनापासून हसलं ते मात्र जिचं तिला ठाऊक.

त्यानंतर महिनाभर खपून तिनं जॅकेट शिवलं. एकच, बकरीच्या कातड्याचं, आत लूमवरच्या कोऱ्या कापडाचं अस्तर. ते सगळ्यांचं. पाळीपाळीनं एकेकीनं अर्धा तास घालायचं, आणि अंगात जॅकेट असेपर्यंत तिचा हुकूम चालणार. बाकीच्यांनी ऐकायचं. पण जिला हुकूम सोसणार नाही तिनं "बस" म्हणायचं. "बस म्हंजी बस," हिरानं पहिल्याच दिवशी बजावलं. "त्या क्षनी जॅकेट उतरवायचं. जिला बस ऐकू येत न्हाय तिनं ह्यात हात घालायचा न्हाय." भिवंडीच्या उकाड्यात पत्र्याखाली चामड्याचं जॅकेट म्हणजे शिक्षाच, घामानं निथळायचो. पण आरशापुढे उभं राहिल्यावर पाठ आपोआप ताठ व्हायची.

कुणी गाणं म्हणायला लावी, कुणी पाय दाबून घेई. मंगलनं मला सगळ्यांदेखत तिच्या केसांची वेणी घालायला लावली आणि मला लाजेनं पेड सुचेनात. नसीमच्या घरी पाच भाऊ, दिवसभर त्यांची हाक. तिनं जॅकेट घातलं आणि म्हणाली, "आधा घंटा कोई मुझसे कुछ मांगना मत." आम्ही अर्धा तास गप्प बसलो. ती खुर्चीत डोळे मिटून बसली होती.

हिरानं स्वतः ते एकदाच घातलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "वैशू, मला चाय आन. तुज्या घरच्या कपात. शोकेसातल्या."

मी गेले, आई देवळात होती, निळ्या फुलांचा कप काढला, चहा आणला. ती सावकाश, घोट घोट प्यायली. मग मी कप घरी नेला नाही. गाळ्यातच ठेवला आणि आईला सांगितलं, फुटला. हिराला वाटलं मी तो तिच्यासाठी ठेवला. "बरं केलंस," म्हणाली. खरं कारण असं की तो पुन्हा शोकेसात, आमच्या कपांत ठेवायला माझा हात धजला नाही. हे मी त्या पुण्याच्या मुलीला सांगितलं नाही.

जॅकेटच्या अस्तरावर प्रत्येकीनं स्वतःची खूण शिवायची असा रिवाज पडला. नावं नाहीत, नुसत्या खुणा, ज्या क्रमानं आली त्या क्रमानं. नसीमची कांडी, मंगलचा थर्मामीटर, माझी पाटी, साखळी टाक्यात. कुणी लग्न होऊन गेली तर ती खूण उसवायची नाही, तिच्याखाली एक आडवा टाका घालायचा. इतिहास हवा होता ना त्या मुलीला? तो तिथं होता.

आणि एक नियम: जॅकेट गाळ्याबाहेर न्यायचं नाही. "दाराच्या आत ते जॅकेट हाय," हिरा म्हणायची, "दाराभायेर तो पुरावा."

पण गाळ्याची दुसरी किल्ली आमच्या घरी खुंटीला असायची. मालकाची मुलगी होते मी. दुसऱ्या कुणाला हे सुचलंही नसतं, आणि मला त्यात चोरी वाटली नाही. मंगलला मला वाऱ्यावर त्या जॅकेटात बघायचं होतं. दोन हजार पाचच्या एका रविवारी सकाळी मी ते पिशवीत घालून नेलं. तिच्या भावाची स्कूटर घेऊन आम्ही खारबावच्या खाडीपर्यंत गेलो. मी चालवत होते, ती मागे. त्या अर्ध्या तासाबद्दल मला आजही काही वाईट म्हणवत नाही.

परत आले तर जॅकेट घामानं ओलं. असं ठेवलं तर हिराला पहिल्या वासालाच कळणार. मग मी अक्कल चालवली. गच्चीवर आईनं बोंबील वाळत घातले होते. त्यांच्या मागे, कठड्याला, मी ते पसरलं. बोंबलाच्या वासात चामड्याचा वास कुणाला येतोय!

आईला आला. चामडं लागलं म्हणून तिनं आधी ते सगळे बोंबील उकिरड्यावर टाकले. मग काठीनं जॅकेट उचलून अंगणात आणलं. दादानं ते उलटं केलं, आणि आईनं अस्तरावर बोट ठेवलं. "ह्यो टाका वैशूचा हाय. मीच शिकवलाय तिला." त्यात आमच्या चुलतभावानं सकाळी मला ते घालून खारबावच्या रस्त्यावर पाहिलं होतं. दादानं हिराला बोलावून घेतलं.

ती अंगणात उभी राहिली. बाबा ओट्यावर, दादा पायरीवर, मी दारात. दादानं जॅकेट तिच्या पायाशी फेकलं. "गाल्यात काय चाल्लाय ह्यो? कसल्या खुना हायत ह्या?"

हिरानं जॅकेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला सगळं त्या एका नजरेत कळलं असणार, किल्लीसकट. ती बाबांना म्हणाली, "शेट, क्लासचं काम हाय. गिऱ्हाइकाला दावायला नमुना. खुना म्हंजी पोरींचा शिलाईचा सराव. वैशूचा हात चांगला, म्हनून अस्तर तिच्याकडं दिलं. घालून बगितलं आसंल पोरीनं. पोरीच त्या."

बाबांनी मान हलवली. त्यांना गाळ्याची भानगड नको होती. आईसुद्धा "बोंबील गेलं त्ये गेलं" म्हणून आत वळली. प्रकरण तिथं संपलं होतं. मला फक्त तोंड मिटून उभं राहायचं होतं.

दादानं सहज विचारलं, "खरं का गो?"

आणि मी बोलायला लागले. अजून मला कळत नाही कशाला. भीती म्हणावी तर सुटका समोर होती. मला बहुतेक नुसतं सुटायचं नव्हतं, स्वच्छ सुटायचं होतं. मी म्हटलं, तिनंच मला घालायला लावलं. मी म्हटलं, ती पोरींना बोलावते, दार लावून घेते, तसलं शिकवते. बाबा उठून उभे राहिले. हिरा हळूच म्हणाली, "बस, वैशू."

मला ऐकू आलं. अगदी स्पष्ट ऐकू आलं.

मी थांबले नाही. मी नसीमचं नाव घेतलं. मग हिराच्या जातीवरून बोलले. तो शब्द इथे लिहीत नाही, लिहिला तर पुन्हा एकदा तिला बोलल्यासारखं होईल. आणि वर म्हटलं, "असल्यांना आपल्या आवारात घ्यायलाच नको होतं, बाबा." ते वाक्य मला कुणी शिकवलं नव्हतं. ते तयारच होतं माझ्यात, त्या खुंटीवरच्या कपासारखं रोज वापरातलं.

हिरानं खाली वाकून जॅकेट उचललं. धूळ झटकली, अस्तर आत राहील अशी घडी घातली. बाबांना म्हणाली, "परवापर्यंत खाली करते, शेट." आणि गेली.

दोन दिवसांत गाळा रिकामा झाला. मी खिडकीतून टेम्पो भरताना पाहिला. नसीम तिच्याबरोबर होती, तोंडावर वळ उठलेले, कारण मी घेतलेलं नाव संध्याकाळपर्यंत तिच्या भावांपर्यंत पोहोचलं होतं. दोघी शेलार गावाला गेल्या असं कळलं. मंडळाची ती अखेर. बाकीच्या आठवडाभर घाबरून घराबाहेर पडल्या नाहीत आणि नंतर रस्त्यात भेटल्या तरी माझ्याशी बोलल्या नाहीत. मंगल एकदाच शाळेच्या फाटकात उभी राहिली आणि म्हणाली, "तू काही चांगलं करशील असं वाटलंच नव्हतं. गप्प बसशील, एवढंच वाटलं होतं." चार महिन्यांनी माझं लग्न झालं. गाळ्यात बाबांनी पुन्हा लूम टाकले.

त्यानंतर हिरा मला एकदाच दिसली, दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात, खारबाव स्टेशनवर. नवऱ्याच्या नात्यातलं लग्न आटोपून आम्ही निघालो होतो. त्या लायनीला गाडी कधी येईल सांगता येत नाही. भर दुपार, फलाटावर चारदोन माणसं. नवरा पाण्याची बाटली भरायला गेला. माझ्या मुलीच्या सँडलचा पट्टा तुटला होता, ती लंगडत लंगडत पुढे गेली आणि बाकावर बसलेल्या एका बाईपुढे जाऊन उभी राहिली. साडीवर फुल शर्ट. केस बरेच पिकलेले. मी पदर डोक्यावरून ओढून खांबाच्या आड झाले.

हिरानं मुलीचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. पिशवीतून शिवायची आरी काढली. दोन टाके घातले. मग तिला विचारलं, "कुनाची गो तू?"

मुलीनं माझ्याकडे बोट केलं.

हिरानं मान वर केली आणि आरी तशीच हातात राहिली. ती माझ्याकडे बघत होती. राग नव्हता तिच्या तोंडावर, ती वाट बघत होती. मी हाक मारली असती, नुसतं पुढे गेले असते, तरी चाललं असतं. तेवढा वेळ तिनं मला दिला. मी रुळांकडे बघत उभी राहिले.

तेवढ्यात नवरा बाटली घेऊन आला. मुलीचा पाय तिच्या मांडीवर बघून खूश झाला. "अरे वा, झालं का काम! तुमची ओळख आहे का हिच्याशी?" ती माझ्याकडेच बघतेय हे पाहून तो माझ्याकडे बोट करून तिला म्हणाला.

"न्हाय भाऊ," हिरा म्हणाली. "मी शेलारची. ताईंना कदी बगितलं न्हाय." तिनं दातानं दोरा तोडला, मुलीचा पाय खाली ठेवला आणि तिच्या पाठीवर हात ठेवून तिला माझ्या दिशेनं वळवलं.

गाडी आली. हिरा बाकावरून उठली नाही. डब्यात चढता चढता मी वळले आणि म्हटलं, "थँक यू हं, मावशी," अनोळखी बाईला म्हणतात तसं, आणि नवऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.